बांधीतला चौथा पॉइंट

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली की माझ्या दुकानात चिखलात पडलेले मोबाइल यायला लागतात. कमरेला खोचलेला फोन वाकताना सुटतो आणि बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, पाण्यात जातो. फोनची मालकीण तो आधी धुते, म्हणजे आणखी पाणी घालते. मग दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणते. चार्जिंगच्या भोकातून मी पहिल्यांदा तांदूळ काढते, मग चिखल. दाणा पाहून घरात कोणता तांदूळ शिजतो ते सांगते, असं मी गिऱ्हाइकांना म्हणते. बाया हसतात, आणि फोन सुधारण्याआधीच त्यांचा अर्धा राग जातो.

गोंदियाच्या बाजारात आमचं दुकान आहे. पुढच्या अर्ध्यात नवऱ्याच्या वह्या आणि पेनं, मागच्या अर्ध्यात मी, माझं भिंग आणि सोल्डरिंग गन. दुकानातून आभाळ दिसत नाही. पण आमच्याकडे पावसाळा आभाळावरून मोजतही नाहीत, पऱ्ह्यांवरून मोजतात. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती वीतभर झाली, उपटून त्यांच्या जुड्या बांधल्या, चिखल केलेल्या बांधीत बाया ओळीनं वाकल्या, की खरा पावसाळा. ओल्या पोत्याचा, शेणाचा आणि कोवळ्या धानाचा एक मिळून वास असतो. तो फोनच्या कव्हरमध्ये अडकून माझ्या टेबलापर्यंत येतो. मी कव्हर धुऊन टाकते.

माझं माहेर बिरसीच्या बाजूला. तिथे दिवसभर शिकाऊ विमानं डोक्यावर गोल फिरत असतात आणि रोवणीच्या बाया वर मानही करत नाहीत. पण सारस ओरडला की करतात. माणसाच्या छातीएवढा उंच, राखाडी, लाल डोक्याचा पक्षी. नर आणि मादी माना आभाळाकडे करून एकदम ओरडतात, तेव्हा जुन्या एसटीचा हॉर्न अडकल्यासारखं वाटतं. लोक त्याला सुंदर म्हणतात. मला तो उंच वाटतो, एवढंच. पक्ष्यांचं मला फारसं काही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज व्हायला नको.

शेवंताकाकी माझ्या बापाच्या धाकट्या भावाची बायको. काका गेल्यावर शेती तिनंच केली. तिच्या खालच्या बांधीत जवळजवळ दर पावसाळ्यात सारसाचं घरटं असायचं. घरटं कसलं, पाण्यात रचलेला गवताचा ढीग, वर दोन अंडी. ते दिसलं की काकीच्या घरात त्याचं नाव घेत नसत. "पाहुणे आले" एवढंच म्हणायचं, तेही घरातल्या घरात. घरट्याकडे बोट दाखवायचं नाही. भोवतीची आठ-दहा पावलं जागा न रोवता सोडायची. रोवणीच्या बायांना त्या बांधीत न्यायचं नाही. ती बांधी काकी एकटी रोवायची, सारसाकडे पाठ करून. लहानपणी मी विचारलं होतं, पाठ कायले?

"आपण पाहिलं तं त्याले वाटते, आपल्याले काही पाहिजे आहे," काकी म्हणाली.

धुऱ्यापलीकडची बांधी डोमाजीभाऊंची. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध. काकीची ही खालची बांधीही त्यांच्यापेक्षा उंचावर, त्यामुळे तिचं पाणी त्यांच्याकडे उतरायचं. रोवणीला ही घरं एकमेकांकडे जायची. आज काकीकडे डोमाजीभाऊंची बायको आणि मुलगी रेखा, उद्या त्यांच्याकडे काकी. घरट्याची खबर या दोन घरांबाहेर जात नसे. डोमाजीभाऊ गमत्या माणूस. सारसाची जोडी त्यांच्या बांधीत चरायला उतरून कोवळी रोपं तुडवायची, तेव्हा धुऱ्यावरून हाक द्यायचे, "शेवंताबाई, तुह्ये पाहुणे माह्या घरी जेवून रायले. हात धुवाले तरी घरी बोलाव."

मी सांगते आहे ते आठ वर्षांपूर्वीच्या रोवणीचं.

बाजारातल्या एका राइसमिलवाल्यांचा भाचा, नितेश, त्या वर्षी परदेशातून महिनाभर आला होता. तिशीचा, नम्र, बुटांना चिखल लागला तर आधी पायरीला पुसून आत येणारा. त्याच्याकडे तळहाताएवढं एक यंत्र होतं, काडीनं टोचून चालवायचं. त्यात नकाशा, आणि नकाशावर तीर.

"मॅडम, ये तीर मुझे हर बार गलत जगह ले जाता है," तो म्हणाला. "कल तो तालाब में उतार रहा था."

त्याचा छंद मला समजून घ्यावा लागला, कारण यंत्र कशासाठी आहे ते कळल्याशिवाय त्याला काय झालं ते कळत नाही. जगभर लोक कुठेतरी एक डबा लपवतात आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. दुसरे लोक ते आकडे यंत्रात घालून तीर बघत बघत डबा हुडकतात, आतल्या छोट्या वहीत नाव लिहितात आणि डबा परत तिथेच ठेवतात.

"पण मिळतं काय?" मी विचारलं.

"कुछ नहीं, मॅडम. बस, मिल गया."

नवरा पुढून म्हणाला, "आमच्या घरी माझ्या चष्म्याचं रोज हेच चालू राहते."

दोन दिवस मी त्या यंत्रामागे होते. आधी वाटलं, उपग्रह पकडत नसेल. गच्चीवर नेलं. नऊ उपग्रह सापडले आणि नकाशावरचा ठिपका बरोबर आमच्याच गच्चीवर. म्हणजे यंत्र चांगलं, बिघाड सॉफ्टवेअरमध्ये. मग बाजारातल्या माहीत असलेल्या जागांचे आकडे फाइलमधून भरून पाहिले. प्रत्येक जागा चुकत होती, पण चुकायची पद्धत एकच होती. तीर कधी दीडशे मीटर पुढे न्यायचा, कधी किलोमीटर, पण नेहमी उत्तरेला आणि पूर्वेला. दक्षिणेला किंवा पश्चिमेला एकदाही नाही. योगायोग असा एकाच बाजूला झुकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उलगडलं. फाइलमध्ये साडेसत्तावीस मिनिटं लिहिलेली असली, तर ते सॉफ्टवेअर सत्तावीस मिनिटं आणि पन्नास सेकंद असं वाचत होतं. कोणी साडेसातला सात वाजून पन्नास मिनिटं समजावं, तसं. आकडा नेहमी वाढूनच यायचा, म्हणून तीर नेहमी पुढे पळायचा. सेटिंगमध्ये ते बदललं तरी यंत्र बंद करून सुरू केलं की पुन्हा पहिल्यासारखं. शेवटी कार्डावरच्या फाइलमध्ये जाऊन बदललं, तेव्हा टिकलं.

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी चढले. या गावात हे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, असं मनात आलं, आणि ते खोटंही नव्हतं.

दुरुस्ती तपासायची तर उघड्या आभाळाखाली आणि ओळखीच्या जागेत. म्हणून यंत्र घेऊन मी स्कूटरनं काकीकडे गेले. हातपंप, देवळाचा ओटा, बोडीचा कोपरा. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. तिन्ही जागी उभी राहून आकडे कागदावर उतरवले, काकीच्या ओसरीवर बसून ते काडीनं एकेक करून फाइलमध्ये भरले आणि तीर बघत चालत गेले. तिन्ही वेळा तीरानं बरोबर आणून सोडलं. तपासणी तिथे संपली होती.

मग मी चौथा पॉइंट घेतला. खालच्या बांधीच्या धुऱ्यावर, घरट्याच्या समोर उभी राहून. कशासाठी, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगलं नाही. मागे जाऊन तीर घरट्याच्या दिशेला वळतो का, ते मला पाहायचं होतं. वळला. मादी अंड्यांवर बसलेली होती. तिनं मान थोडी उचलली आणि परत खाली घेतली. लहानपणापासून त्या दिशेला मी साधं बोट केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नितेश यंत्र न्यायला आला, तेव्हा मी चारही पॉइंट यादीतून पुसले. पण यादीतून पुसलेलं कार्डावरच्या फाइलमध्ये राहतं, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं की यादीत परत उगवतं. हे मला माहीत होतं. आदल्याच दिवशी एक पुसलेली जागा अशी परत आलेली मी पाहिली होती. काडीनं फाइलमध्ये भरता यायचं, पुसता यायचं नाही; त्यासाठी यंत्र कॉम्प्युटरला लावायला हवं होतं, पाच मिनिटांचं काम. लोडशेडिंग सुरू होतं. नितेशची गाडी बाहेर उभी होती. वीज नव्हती हे खरं. उद्या या म्हणता आलं असतं, हेही खरं. मी यंत्र त्याच्या हातात दिलं.

पाच दिवसांनी तो मिठाई घेऊन आला.

"मॅडम, आपका पॉइंट एकदम परफेक्ट निकला. सीधा मेड़ पर ले गया."

"कोणता पॉइंट?"

"चार नंबर वाला. मैं समझ गया था, आपने मेरे लिए डिब्बा छुपाया है. सरप्राइज़."

मग त्यानं सगळं सांगितलं. तो आणि त्याचे दोन मित्र धुऱ्यावर पोचले. आजूबाजूला सगळीकडे धान आणि मध्ये एक न रोवलेली गोल जागा, तिच्यात गवताचा ढीग. डबा हुडकणाऱ्या माणसाला याहून स्पष्ट खूण कोणती? ते बांधीत उतरले. पक्षी उठून पलीकडे जाऊन ओरडत राहिले. यांनी ढिगात हात घातले, बाजूचं गवत उचलून पाहिलं. अंडी दिसली तेव्हा त्यांना कळलं. मग गवत परत नीट लावलं, असं तो म्हणाला. आणि फोटो काढले. तासभर.

माझा चेहरा पाहून तो थांबला. "कुछ गलत हुआ क्या?"

मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो शहाणा माणूस होता, चेहरा उतरला त्याचा. म्हणाला, "मैं जाके काकीजी से माफ़ी माँग लूँ? अभी चलते हैं, गाड़ी है."

मी नको म्हटलं. गावातल्या लोकांना असलं काही समजत नाही, उगाच गोंधळ होईल, असं काहीतरी सांगितलं. तो गेला असता तर पहिला प्रश्न आला असता, तुला जागा कोणी सांगितली. त्याच्या माफीच्या आड माझं नाव होतं, म्हणून मी ती माफी दुकानातच अडवली. आठवड्यानं तो परदेशी गेला. मिठाई आम्ही खाल्ली.

त्या रविवारी मी काकीकडे गेले. ती ओसरीवर बसली होती.

"पाहुणे गेले, बेबी," ती म्हणाली. घरी मला बेबीच म्हणतात. "ढीग विस्कटला आहे. एक अंडं पाण्यात, दुसरं कावळ्यानं फोडलं."

मी म्हटलं, कुत्रं आलं असेल.

"कुत्रं गवत परत रचत नाही." काकीनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "घर आपलं नि डोमाचं, एवढ्यालेच माहीत होतं. म्या सांगतलं नाही. तू तं सांगणार नाहीस. मंग कोण उरला? रोज म्हणून रायला होता, तुह्ये पाहुणे माह्या घरी जेवतेत म्हणून."

मी चहा प्यायले. साखर कमी होती. त्या वेळी बोलले असते तर चार शिव्या आणि एक दिवसाचा अबोला, एवढ्यावर भागलं असतं. मी कप विसळून ठेवला आणि अंधार पडायच्या आत गोंदियाला परत आले.

काकीनं डोमाजीभाऊंचं पाणी तोडलं नाही. पाण्याशी वैर नको, म्हणाली. बोलणं तोडलं. रोवणीला एकमेकांकडे जाणं बंद झालं. काकी बाहेरून बाया आणायला लागली. डोमाजीभाऊंनी तिसऱ्या माणसाकरवी विचारून पाहिलं, झालं काय. काकीचं उत्तर आलं, तुले माहीत आहे. त्यांना माहीत नव्हतं. सारस त्या बांधीत परत आले नाहीत. काकीच्या अबोल्यावरून गावात मात्र बातमी झाली आणि राहिली, की डोमाजीनं सारसाची अंडी फोडली. असं नाव लागणं आमच्याकडे लहान गोष्ट नाही. त्यांच्या गमती धुऱ्यावरून यायच्या थांबल्या.

दोन वर्षांनी रेखाचं लग्न झालं. काकी गेली नाही. जिनं हातानं त्या पोरीला रोवायला शिकवलं, ती त्या दिवशी दार लावून घरात बसली. मी गेले. डोमाजीभाऊ स्वतः पंगतीत वाढत होते.

"काकी नाही आली?" माझ्या पानात भात वाढताना त्यांनी विचारलं.

"तब्येत बरी नाही तिची," मी म्हटलं आणि जेवले.

या आठ वर्षांत मी स्वतःला पुष्कळ समजावलं. निम्मी घरटी तशीही टिकत नाहीत. पाऊस जास्त झाला असता तरी अंडी वाहून गेली असती. मी कोणाला तोंडानं सांगितलेलं नाही. हे सगळं बरोबर आहे आणि याचा काही उपयोग नाही. अंड्यांचं मला रात्रंदिवस वाटत होतं असं नाही. एका माणसाचं नाव मी बिघडवलं आणि ते दुरुस्त करायचं सामान सगळं माझ्याच टेबलावर होतं, हे वाटायचं. कोणाचंही यंत्र परत देताना मी आता कार्ड कॉम्प्युटरला लावून तपासते. वीज नसली तर उद्या या म्हणते. गिऱ्हाइकं मला खडूस म्हणतात. ही सवय लागली म्हणून कोणाचं काही भरून आलं, असं मात्र नाही.

यंदा रोवणीच्या पहिल्या आठवड्यात डोमाजीभाऊ दुकानात आले. फोन चिखलात पडला होता. मी तो उघडला, ते समोर स्टुलावर बसले. केस सगळे पांढरे झाले आहेत. नवरा जेवायला गेला होता. त्यांनी बाहेर बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बेबी, यंदा माह्या बांधीत आले. दोन अंडे आहेत."

मी भिंगातून मान वर केली नाही.

"कोणाले सांगतलं नाही म्या. घरच्याईले आन् तुले. तू सांगणार नाहीस." मग म्हणाले, "काकीले नको बोलू. तिले वाटन, म्या तिचे पाहुणे पळवले."

माझ्या हातात त्यांचा फोन होता, चार स्क्रू ट्रेमध्ये. बोलायचं तर तीच वेळ होती. मी स्क्रू लावले, फोन सुरू करून दाखवला आणि म्हटलं, आता पाण्यापासून सांभाळा.

रविवारी मी काकीकडे गेले. ती पऱ्ह्याच्या जुड्या बांधत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. यंत्र, तीर, चौथा पॉइंट, नितेश, आणि त्याला मी अडवलं ते. डोमाजीभाऊंच्या घरट्याबद्दल काही बोलले नाही. काकीनं पाच-सहा जुड्या बांधल्या.

"रेखाच्या लग्नात मी घरी बसली," ती शेवटी म्हणाली. "तू खाऊन आली."

"हो."

"आता डोमाले कोण सांगीन?"

"तू सांग."

"मी कायले? माह्यं बोलणं बंद आहे त्याच्यासंगं." तिनं जुडीची गाठ दातानं ओढली. "ऊठ."

मी धुऱ्यानं गेले. डोमाजीभाऊ आपल्या बांधीच्या कडेला फावड्यानं माती लावत होते. मला पाहून हसले. मी उभ्या उभ्या सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकाला बिघाड सांगते तसं, क्रमानं, मधलं काही न गाळता. ते माती लावत राहिले.

"मंग तो डब्बा कुठं होता?" त्यांनी विचारलं.

"डबा नव्हताच, भाऊ."

फावडं थांबलं.

"लग्नात तुले म्या वाढलं. तवा तुले माहीत होतं."

"हो."

"परवा दुकानात बसलो होतो, तवाही."

"हो."

"काकीले सांगतलंस?"

"आत्ताच सांगून आले."

"पहिले तिले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांना फक्त नोंद करून घ्यायची होती, असं वाटलं.

येताना मला वाटलं होतं की सांगायचं धाडस करणं हाच अवघड भाग. कोणाला आधी सांगायचं, याचा मी विचारही केला नव्हता. आठ वर्षं ज्यांनी ते नाव वाहिलं, त्यांच्याकडे मी काकीनंतर आले होते, तेही ढकलून पाठवलं म्हणून.

मी घराकडे जायला त्यांच्या बांधीच्या कडेनं पाऊल टाकलं. रस्त्यावर निघायला तोच जवळचा धुरा. डोमाजीभाऊंनी फावडं आडवं धरलं.

"इकडून नको," ते म्हणाले. "तिकडून जा."

मी वळले. तिकडचा धुरा पावसानं खचला होता, म्हणून बोडीला पूर्ण वळसा घालून, गुडघाभर चिखलातून, लांबच्या वाटेनं गेले.